राठ, तुटक्या केसांना घरगुती कंडिशनिंग: बोअरच्या पाण्यावर खरंच गुण येतो का?

द्राक्षवेल | रविवार, दुपारी २:४०

लग्न होऊन तासगावकडच्या वस्तीवर आले त्याला तीन वर्षं झाली. माहेर सांगलीत, गावभागात. तिथे कृष्णेचं नळाचं पाणी होतं. केस कमरेपर्यंत होते आणि त्यांच्याकडे कधी वेगळं लक्ष द्यावं लागलं नाही. इथे बोअर. बादलीला पांढरा थर, नळाच्या तोंडाला पांढरं, साबणाला फेस म्हणून येत नाही. त्यात गेल्या वर्षी नणंदेच्या लग्नाआधी एका पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले आणि चार महिन्यांनी त्यावर रंग लावला. आता केसांचा काथ्या झालाय. हात फिरवला की बोटं अडकतात, शेंड्यांना फाटे फुटलेत, फणीत केसांचे तुकडे येतात.

बाजारातले महाग मास्क दोनदा आणून झाले. त्या दिवशी मऊ, तिसऱ्या दिवशी परत तेच. म्हणून आता घरचं काहीतरी नेमाने करायचं ठरवलंय. जवसाचा जेल, दही आणि आदल्या रात्री खोबरेल, एवढं डोक्यात आहे. तुमच्यापैकी ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, किती दिवस केलं आणि काय फरक पडला? सध्या द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीची गडबड आहे, त्यामुळे रोज काही जमणार नाही. रविवारची दुपार तेवढी माझी.

मिरजवाली | रविवार, दुपारी ३:०५

जवस. दोन वर्षं लावतेय, डोळे झाकून करा.

चार चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर. सात-आठ मिनिटांत पाणी घट्ट होऊन डावातून तार सुटायला लागते, तेव्हा लगेच गॅस बंद. गरम असतानाच पातळ ओढणीतून गाळायचं. गार झाल्यावर गाळायला गेलात तर काही सुटत नाही, अर्धा जेल बियांनाच चिकटून राहतो. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. धुतलेल्या ओल्या केसांना, मुळं सोडून, खालच्या भागाला लावा. अर्ध्या तासाने नुसत्या पाण्याने धुवा.

गावभागातली काकू | रविवार, दुपारी ४:२०

अगं बाळ, गावभागातली म्हणजे आमचीच की तू!

माझं वय ६३. केस अजून मांडीपर्यंत नाहीत पण अंबाडा चांगला मुठीएवढा होतो. आमच्याकडे दर शनिवारी रात्री आजी सगळ्या मुलींना ओळीने बसवून तेल लावायची आणि रविवारी न्हाणं. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, थोडी नागरमोथा, वाळवलेली संत्र्याची साल, मूठभर मेथ्या. मेथ्यांमुळे केसांना बुळबुळीतपणा येतो आणि गुंता सुटतो, हे आजी सांगायची. सगळं लोखंडी कढईत रात्रभर भिजत घालायचं आणि सकाळी उकळून गाळून घ्यायचं. पूड थेट डोक्यावर थापायची नाही. कितीही वस्त्रगाळ केली तरी कण केसांत राहतात आणि डोळ्यांत गेली तर डोळे लालभडक होतात. उकळलेलं गाळीव पाणीच घ्यावं.

गणपती पेठेत अजून सुटी शिकेकाई मिळते. शेंगा वाजवून बघून घ्यायच्या, आत किडा नसावा. तयार पुड्यांत काय काय असतं देव जाणे.

कुपवाड शिफ्ट | रविवार, रात्री ९:५०

पुरुषांनी विचारलं तर चालेल का इथे? दिवसाला दोन तास हेल्मेट, कंपनीत वरून टोपी. केस गवतासारखे झालेत. जवस लावून हेल्मेट घातलं तर काय होईल?

मिरजवाली | रविवार, रात्री १०:०२

हेल्मेट केसांना चिकटेल भाऊ. सुट्टीच्या दिवशी लावा आणि धुऊन टाका. आणि हेल्मेटच्या आत सुती रुमाल बांधा, घर्षण कमी होतं.

प्रयोगवही | सोमवार, सकाळी ७:१५

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मुलीच्या केसांपायी या विषयात बरंच वाचावं लागलं, त्यातलं कामाचं तेवढं लिहितो.

डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा आहे आणि त्याच्यावर घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. हे खवले उचकटले, झिजले की केस राठ लागतो, एकमेकांत अडकतो आणि तुटतो. जखम भरते तसा केस भरून येत नाही, कारण आत जिवंत पेशीच नाहीत. फाटा फुटलेलं टोक कोणत्याही लेपाने कायमचं जुळत नाही. तेव्हा दही असो, जवस असो की हजाराची बाटली, कंडिशनिंगचं काम एवढंच: खवले बसवणं, वरून गुळगुळीत थर देणं आणि पुढची झीज कमी करणं. ही गोष्ट छोटी नाही. पण 'केस दुरुस्त होतील' या आशेवर बसलात तर तिसऱ्या आठवड्यात सोडून द्याल.

खोबरेलाबद्दल. ते वरवर राहत नाही, केसाच्या आत थोडं मुरतं. त्यातलं जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, त्याची साखळी आखूड आणि सरळ असते, म्हणून ते शिरू शकतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुताना केसातलं प्रथिन निघून जाण्याचं प्रमाण फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी झालं, चांगल्या केसांत आणि खराब झालेल्या केसांतही. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगायला हवं. तरी माझा स्वतःचा भरवसा खोबरेलावर आहे.

खणभाग | सोमवार, सकाळी ११:३०

अंड्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दोन अंडी फेटून लावली, पाऊण तास ठेवली आणि बंबातलं कढत पाणी घेतलं डोक्यावर. अंडं केसांतच शिजलं. पांढऱ्या कण्या काढायला दीड तास लागला, आणि ओढाताणीत जेवढे केस गेले तेवढे वर्षभरात गेले नसतील. कोणाला अंडं लावायचंच असेल तर गार पाण्यानेच धुवा. मी पुन्हा लावणार नाही.

प्रयोगवही | सोमवार, दुपारी १:०५

खणभाग, अंड्यातली प्रथिनं आकाराने मोठी असतात, केसात शिरत नाहीत. वर पातळ पापुद्रा धरतात तेवढंच. तुमचं फार काही हुकलं नाही.

आणि बंबाचं कढत पाणी अंडं नसतानाही डोक्यावर घेऊ नये. कोमट पुरे.

विलिंग्डनची | सोमवार, रात्री ८:४०

तेलाला माझा विरोध आहे. कॉलेजला रोज स्कूटीने जाते. तेल लावलेल्या केसांवर रस्त्यावरची सगळी धूळ बसते आणि मग ते धुवायला दुप्पट शाम्पू लागतो. म्हणजे नुकसान जास्तच. तेल सोडल्यापासून माझे केस बरे आहेत.

गावभागातली काकू | सोमवार, रात्री ९:१५

तेल लावून गावभर फिरायचं कोणी सांगितलंय पोरी? रात्री लावायचं, सकाळी धुवायचं.

विलिंग्डनची | सोमवार, रात्री ९:२२

काकू, हे आमच्या आईला सांगा. ती मला तेल थापून कॉलेजला पाठवायची. रात्रीचं मान्य.

मेहंदीवाडी | मंगळवार, सकाळी १०:१०

मेहंदी! दही घालून भिजवलेली मेहंदी महिन्यातून एकदा. याहून चांगलं कंडिशनर नाही.

कात्री-कंगवा | मंगळवार, दुपारी १२:५०

ताई, मी असहमत आहे. विट्याला माझं छोटं पार्लर आहे, १४ वर्षं झाली. मेहंदीचा रंग केसाच्या प्रथिनाला घट्ट धरतो, त्यामुळे निरोगी केस जाड आणि चमकदार वाटतात. पण आधीच राठ असलेल्या केसांना पुन्हापुन्हा मेहंदी लावली की ते अजून कोरडे पडतात, हे मी समोरच्या खुर्चीत रोज बघते. लावलीच तर नंतर तेल हवंच. आणि 'काळी मेहंदी' म्हणून मिळते ती तर नकोच. त्यात बऱ्याचदा डायचं रसायन असतं, कपाळ सुजून आलेल्या बायका मी पाहिल्यात.

द्राक्षवेल, तुम्हाला एक स्पष्ट सांगते, राग मानू नका. केस सरळ करताना आतले गंधकाचे बंध तोडून नव्याने जोडतात. तेवढा भाग कायमचा बदललेला असतो. त्यावर रंग म्हणजे दुसरा घाव. आमच्या धंद्यात हे गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवं होतं, सगळे सांगत नाहीत. आता जो केस खराब आहे तो जवसाने सांभाळा आणि वरून नवा येतोय तो जपा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, थोडा जास्तच. दर दोन-अडीच महिन्यांनी दोन बोटं शेंडे कापत राहिलात तर दोन वर्षांत बराचसा केस नवा असेल.

तुमच्याकडे वेलींची ऑक्टोबर छाटणी चालू आहे ना, मग केसांचीही आत्ताच करून टाका.

द्राक्षवेल | मंगळवार, रात्री ९:३०

छाटणीचं वाचून आमचे हे इतके हसले की मला वाचून दाखवावं लागलं. राग कशाचा ताई. तुम्ही जे आता सांगितलंत ते तेव्हा खुर्चीत बसण्याआधी कोणीतरी सांगायला हवं होतं, एवढंच वाटलं. फोटो दाखवला, पैसे सांगितले, संपलं.

शेंडे कापायला मन होत नव्हतं. कमरेपर्यंतचे केस हीच लहानपणापासून माझी ओळख. पण कापते.

सिव्हिलची ताई | बुधवार, सकाळी ६:४५

रात्रपाळी संपवून लिहितेय. फणीत येणारा केस एकदा नीट बघा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला. नुसता आखूड तुकडा असेल तर तो तुटलेला. तुटणाऱ्यावर तेल, जवस उपयोगी. मुळापासून भसाभस गळत असेल तर लेप लावत बसू नका, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्याकडे बायका अंगावर काढतात आणि शाम्पू बदलत बसतात.

द्राक्षवेल | बुधवार, दुपारी १:१५

ताई, बघितलं. बहुतेक तुकडेच आहेत. तरी तपासणी करून घेते, बाळंतपणानंतर केलीच नाही.

ठिबकवाला | बुधवार, रात्री १०:२०

मी ह्या धाग्यावर बायकोमुळं आलो. ती वाचून दाखवत हुती. सगळे तेल, जवस, दही बोलायलेत पण मूळ दुखणं तर पहिल्याच पोस्टमधी लिवलंय की. पाणी.

बागेत ठिबक असेल तर मालकांना विचारा, ड्रिपर कशानं बंद पडतात. बोअरच्या पाण्यातला क्षार साठून. ती पांढरी पूड. म्हणून आम्ही वर्षातनं एक-दोनदा आम्ल सोडून लॅटरल, म्हंजी ठिबकच्या नळ्या, धुतो. जो क्षार प्लास्टिकच्या नळीत साठतो तो तुमच्या केसावर साठणार नाही काय? हजार रुपयाचा मास्क त्या थरावरच बसतोय.

बागेसाठी पाणी तपासलेलं असंल, त्याचा कागद घरात कुठंतरी असणार. काठिण्याचा, म्हंजी पाण्यात ह्यो क्षार किती त्याचा, आकडा बघा. पिण्याच्या पाण्याला लिटरमागं २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसंल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

प्रयोगवही | बुधवार, रात्री १०:५५

ठिबकवाले दादा, वर्गात हे उदाहरण मला इतकी वर्षं सुचलं नाही. उद्यापासून हेच सांगणार.

अगदी बरोबर आहे. कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. तो केसांवर बसतो. म्हणून अशा पाण्यात अंगाचा साबण केसांना कधीच लावू नये. तो स्वतःही अल्कधर्मी असतो, खवले उचकटतात. शाम्पूने साका धरत नाही, पण पाण्यातला क्षार थोडाफार साठतोच.

उपाय तोच, आम्ल. पण सौम्य! शेतातलं आम्ल केसांच्या जवळपासही नेऊ नका, कातडी जळेल, डोळे जातील. एक लिटर पाण्यात एक-दोन चमचे साधं पांढरं व्हिनेगर, सगळं धुऊन झाल्यावर शेवटी केसांवरून ओतायचं आणि दोन मिनिटांनी साध्या पाण्याने धुवायचं. दह्याचाही गुण बराचसा त्याच्या आंबटपणातच आहे. लिंबू थेट डोक्याला चोळू नका, आग होते. आणि खायचा सोडा कोणी सुचवला तर ऐकू नका, तो उलट दिशेचा आहे.

बंबाच्या आत जो पांढरा थर धरतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे उकळल्यावर काही काठिण्य खाली बसतं. आदल्या दिवशी पाणी उकळून, निववून, वरचं निथळ घेतलं तर तेवढं हलकं मिळेल. सगळं काठिण्य मात्र उकळून जात नाही.

गावभागातली काकू | गुरुवार, सकाळी ८:००

आणि म्हणूनच आजी पावसाच्या पाण्याने न्हाऊ घालायची! पागोळीखाली घंगाळ लावायची. आम्हाला वाटायचं पाणी भरायचा कंटाळा म्हणून. शिकेकाईसुद्धा आंबटच की. जिभेवर ठेवून बघा.

प्रयोगवही | गुरुवार, सकाळी ८:१८

हो काकू, शिकेकाईचं पाणी सौम्य आम्लधर्मीच असतं. फेस कमी येतो म्हणून मुली नाक मुरडतात, पण केसाला तेच मानवतं.

हळदखळा | गुरुवार, दुपारी ३:४०

थोडं विषयांतर. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत हळद शिजवून वाळवणं आणि ड्रमला पॉलिश चालू असतं. त्या धुळीने बायकांचे केस पिवळट आणि कोरडेठाक होतात. माझी आई आधी केसांना तेलाचा हात फिरवते, वर घट्ट सुती टॉवेल बांधते आणि मग ड्रमपाशी जाते. संध्याकाळी धूळ आधी कोरडीच झटकते, मग पाणी. ५८ वर्षांची आहे, केस बघत राहावे असे आहेत. तिने आयुष्यात मास्क हा शब्द फक्त कोरोनात ऐकला.

कुपवाड शिफ्ट | गुरुवार, रात्री ११:३०

रुमाल बांधायला लागलो. आणि दही लावलं आज. ते वाळून कडक झालं, बायको म्हणाली घरभर कढीचा वास येतोय. किती वेळ ठेवायचं असतं?

मिरजवाली | शुक्रवार, सकाळी ७:३०

वीस मिनिटं, भाऊ. वाळायच्या आत धुवायचं. दह्यात चमचाभर जवसाचा जेल घातला तर वाळत नाही लवकर.

केळीबाग | शुक्रवार, दुपारी १२:१०

केळं लावू नका एवढंच सांगायला आले. मिक्सरमधून काढून गाळलं नाही तर दोन दिवस तुकडे निघतात. कोरफड लावा. मात्र पान कापल्यावर दहा मिनिटं उभं करून ठेवा, तो पिवळा चीक गळून जाऊ द्या. त्याने खाज सुटते.

द्राक्षवेल | रविवार, दुपारी ४:००

सगळ्यांचं वहीत लिहून घेतलं.

सासऱ्यांकडे पाणी तपासणीचा कागद निघाला. काठिण्य ६०० च्या वर. सासरे म्हणाले, "बागेसाठी तपासलं, घरातल्या माणसांसाठी बघायचं डोक्यातच आलं नाही." त्यांनी स्वतः परवाच्या परतीच्या पावसात पत्र्याच्या पन्हाळीखाली ड्रम लावला. पहिला पाऊस वाहून जाऊ दिला आणि मग भरला.

आता असं करणार: शनिवारी रात्री खोबरेल. रविवारी उजवी बाजू पावसाच्या पाण्याने, डावी बोअरच्या पाण्याने, दोन वेण्या वेगळ्या. जवस दोन्हीकडे सारखा. शेंडे तीन बोटं कापून आले. पाच रविवार झाले की सांगते.

प्रयोगवही | रविवार, दुपारी ४:२५

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, याला खरा प्रयोग म्हणतात. ओले केस विंचरू नका तेवढं. ओला केस ताणला की लवकर तुटतो. जवस केसांत असताना बोटांनी गुंता काढा, मग रुंद दातांची फणी, खालून वर.

मेहंदीवाडी | बुधवार, सकाळी ९:४०

कात्री ताईंचं वाचून मेहंदीनंतर तेल लावायला सुरुवात केली. फरक आहे. मेहंदी सोडणार नाही पण.

द्राक्षवेल | रविवार, सायंकाळी ५:१०

पाच रविवार झाले.

पहिल्या दोन आठवड्यांत दोन्ही वेण्या सारख्याच मऊ वाटल्या. तो जवसाचा गुण. पण बुधवार-गुरुवारपर्यंत डावी पुन्हा खरखरीत व्हायची आणि उजवी शनिवारपर्यंत टिकायची. तिसऱ्या रविवारपासून डाव्या बाजूला शेवटी व्हिनेगरचं पाणी घ्यायला लागले. चौथ्या आठवड्यात दोन्हींतलं अंतर निम्म्याने कमी झालं. सासूबाईंना न सांगता दोन्ही वेण्या हातात दिल्या. त्यांनी उजवीच चांगली म्हणून ओळखली, पण "दुसरी पण बरी आहे की" म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात त्याच वेणीला त्या झाडू म्हणाल्या होत्या.

फणीतले तुकडे खूप कमी झाले, बंद झाले नाहीत. सरळ केलेला भाग अजून निर्जीवच दिसतो, त्याला चकाकी नाही, ती येणार नाही हे आता कळलंय. दही दोनदा लावलं, जवसापेक्षा वेगळं काही जाणवलं नाही, सोडून दिलं. थंडी पडल्यापासून खोबरेल थिजतं, बाटली कोमट पाण्यात ठेवून वापरते. तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या चालू आहेत. सिव्हिलच्या ताई, तुम्ही लिहिलं नसतंत तर मी गेलेच नसते.

मुळाशी दोन बोटं नवा केस आलाय. काळा, मऊ, माहेरी होता तसा. रोज आरशात तोच बघते.

पावसाचं पाणी आता ड्रमात एक-दोन न्हाणी पुरेल एवढंच आहे. पुढे निवळलेलं पाणी आणि व्हिनेगरवरच भिस्त.

गावभागातली काकू | रविवार, सायंकाळी ५:४५

दोन बोटं वाचून डोळे भरून आले गं. शिकेकाई कुटून ठेवलीय. माहेरी आलीस की पुडी घेऊन जा, मेथ्या घातल्यात त्यात.

ठिबकवाला | रविवार, रात्री ९:०५

ते व्हिनेगर लिटरला एक चमचा का दोन? घरातनं विचारायलेत, आणि मला सांगितलंय की विसरू नका म्हणून.

द्राक्षवेल | रविवार, रात्री ९:१२

एकने सुरुवात करा दादा. मी दीडवर आहे.